मुख्य म्हणजे कोण

मनकर्णाला पूरसूचना कार्यालयात नोकरी लागली तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी आता पंख्याखाली बसून कागद लिहिणार. आदिलाबादजवळच्या मावल्याला तिच्या वडिलांचा, पांडुरंगरावांचा, भाजीचा मळा होता. वांगी-मेथीच्या टोपल्या घेऊन ते रोज आदिलाबादच्या बाजारात यायचे. घरातलं कुणी सरकारी खुर्चीवर बसेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. मनकर्णानं वायरलेसचा डिप्लोमा केला होता. जागा मात्र हंगामी होती. दरवर्षी वरून मुदतवाढीचा कागद आला तरच पुढचं वर्ष.

कार्यालय म्हणजे आदिलाबाद स्टेशनच्या अलीकडं भाड्याच्या दोन खोल्या आणि गच्चीवर उंच एरियल. प्राणहितेला पाणी चढायला लागलं की काठावरच्या लोकांना ते आधी कळावं, एवढ्यासाठी हे सगळं उभं केलं होतं. काठावर एक ठाणं, बेज्जूरला दुसरं, आदिलाबादला तिसरं. काठावरचा माणूस नदीतल्या पट्टीवर पाणी पाहणार आणि बेज्जूरला सांगणार. बेज्जूरनं ते आदिलाबादला सांगायचं. वरच्या नद्यांच्या बातम्या आदिलाबादला येत. त्या ताडून लोकांना हलवायचं की नाही ते इथं ठरायचं, आणि हुकूम त्याच वाटेनं परत जायचा.

वायरलेस संचांबरोबर कंपनीचं इंग्रजी पुस्तक आलं होतं. त्यात ठाण्यांना दिलेल्या नावांचा सरळ अर्थ मालक आणि गुलाम असा होता. आदिलाबादच्या संचावर बसणारे लतीफचाचा ते ऐकून नाराज झाले. निजामाच्या काळात त्यांचे वडील कचेरीत होते. दिवसभर मी कुणाला गुलाम म्हणून हाक मारू, असं त्यांनी विचारलं. कार्यालयाचे प्रमुख राजय्या साहेब. त्यांनाही ते शब्द नको होते. त्यांनी मनकर्णाला बोलावून सांगितलं, अम्मा, ऑपरेटर कुणी मराठी आहे, कुणी तेलुगू, कुणी उर्दू. सगळ्यांच्या तोंडी बसतील असे शब्द काढा आणि नियम लिहून आणा.

ती बरेच दिवस शब्द घेऊन फिरली. चाचांनी महसुली बोलीतले सदर आणि मातहत, म्हणजे वरचा आणि हाताखालचा, सुचवले. ते तेलुगू ऑपरेटरांना ठाऊक नव्हते. मोठं ठाणं आणि छोटं ठाणं हे राजय्यांना पोरकट वाटलं. शेवटी तिनं मुख्य केंद्र आणि उपकेंद्र असं लिहिलं. मुख्य हा शब्द तेलुगूत होता, हिंदीत होता, चाचांनाही अडला नाही. ज्याला ज्याला विचारलं त्यानं मान हलवली. अर्थ कुणी विचारला नाही, आणि तिला ते शब्द चांगला असल्याचं लक्षण वाटलं.

मधल्या ठाण्याचं काय, हा प्रश्न तिला पडला होता. पुस्तकाप्रमाणे बेज्जूर हे आदिलाबादचं उपकेंद्र आणि काठाचं मुख्य केंद्र, दोन्ही होतं. तिनं तसंच लिहिलं. प्रत्येक उपकेंद्राने आपल्या मुख्य केंद्राला कळवावे, आणि मुख्य केंद्राचा आदेश येईपर्यंत संच सोडू नये. राजय्यांनी वाचून सही केली. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या वर्षी, एकोणनव्वदच्या श्रावणात, पाणी आलं.

त्या दिवशी आदिलाबादला ऊन होतं. सकाळी वरच्या नद्या फुगल्याची बातमी आली, म्हणून राजय्यांनी चाचांना काठाची पातळी विचारायला सांगितलं. बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. दुपारच्या सुमाराला बेज्जूरचा ऑपरेटर देवाजी मिळाला. चाचांनी काठाची खबर विचारली. काठानं मुख्यला कळवलंय, आदेशाची वाट पाहून राह्यले, असं तो म्हणाला आणि आवाज तुटला. चाचांनी हेडफोन काढले. आपण नमाजाला उठलो होतो तेव्हा राजय्यांनीच निरोप घेतला असेल, असं त्यांना वाटलं. राजय्या आतल्या खोलीत टेलिफोनवर होते. चाचा चहा ओतून घेत सहज मनकर्णाला म्हणाले, काठाचा निरोप आला म्हणे.

तिच्या हातात बॅटरीची तार होती. ती तशीच धरून ती उभी राहिली.

"चाचा, काठानं कुणाला कळवलं?"

"मुख्य को."

"मुख्य म्हणजे कोण?"

"हम. और कौन?"

"मग आपल्याला कुणी सांगितलं?"

चाचांनी आतल्या खोलीकडं पाहिलं. मनकर्णा दारात गेली आणि टेलिफोनवर बोलत असलेल्या राजय्यांना मधेच अडवून तिनं विचारलं, काठाचा निरोप तुम्ही घेतला का? त्यांनी नाही म्हटलं. त्यांचा चेहरा बदलला तो तिनं पाहिला नाही, कारण तोवर ती संचाजवळ पोचली होती. ठाण्याला हाक मारायची, माणसाचं नाव घ्यायचं नाही, असा नियम होता. तोही तिनंच लिहिलेला.

"देवाजी, मनकर्णा बोलते. काठावरच्या मारोतीनं पाण्याचं तुम्हाला सांगितलं, की आम्हाला?"

खरखरीतून देवाजीचा आवाज आला, "तुमालेच सांगतलं ना. मुख्य केंद्र, मुख्य केंद्र करून हाका मारून राह्यला होता तो. आमी मधात बोललो नाई."

सगळं एवढंच होतं. मारोती काठावर बसायचा, आणि त्याच्या लेखी मुख्य म्हणजे बेज्जूर. देवाजीच्या लेखी मुख्य म्हणजे आदिलाबाद. हवा मोकळी असली की काठाचा आवाज कधीकधी थेट आदिलाबादला पोचायचा, हे देवाजीला ठाऊक होतं. तसंच चाललंय समजून तो शहाण्यासारखा गप्प राहिला होता. मारोती सकाळपासून त्याच्याशीच बोलत होता, आणि देवाजी ते ऐकत होता.

पाणी पट्टीवरच्या धोक्याच्या खुणेला केव्हा लागलं, हे राजय्यांनी विचारलं. देवाजी म्हणाला, न्याहारीच्या वेळी. राजय्यांनी तिथल्या तिथं हुकूम दिला: खालच्या शेतातली माणसं वर घ्या, पाडा रिकामा करा. देवाजीनं तो काठाला सांगायला सुरुवात केली. तो हाका मारत असलेला त्यांना इथं ऐकू येत होता. काठाकडून उत्तर येत नव्हतं.

निंदणीचे दिवस होते. काठाच्या त्या गावातल्या बाया नाला ओलांडून खालच्या कापसात कामाला जात, हे मनकर्णाला माहीत होतं, कारण संच बसवायला ती तिथं गेली होती. नदी फुगली की नाल्यात पाणी उलटं शिरतं आणि ते शेत चारी बाजूंनी तुटतं, हे तिला मारोतीनंच दाखवलं होतं. त्याची आई सोजरबाई तेव्हा डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन त्याच वाटेनं गेली होती, आणि जाताना, पोरी, जेवून जाजो, असं म्हणाली होती.

दुपार सरली. चाचा थोड्या थोड्या वेळानं बेज्जूरला विचारत, आणि काठ बोलत नाई, एवढंच उत्तर येई. मंडल कचेरीतून माणूस निघालाय, पण मधला रस्ता पाण्याखाली आहे, असं कळलं. राजय्या टेलिफोन ठेवत आणि पुन्हा उचलत होते. मनकर्णा स्टुलावर बसून आपलं वाक्य आठवत होती. आपल्या मुख्य केंद्राला. तो 'आपल्या' शब्द लिहिताना तिला केवढा नेमका वाटला होता. मारोती उत्तर का देत नाही, याची दोनच कारणं तिला सुचत होती. एक तर तो संच सोडून गेला, नाहीतर संचासकट ठाणं गेलं. पहिलं खरं असावं, त्यानं आपला नियम मोडलेला असावा, असं ती मनात घोकत राहिली.

संध्याकाळी चाचांनी तिला बळंच घरी पाठवलं. मावल्याला आई, जयवंताबाई, अंगणात मेथी निवडत होती. काऊन तोंड असं झालं, तिनं विचारलं. मनकर्णानं सांगायचा प्रयत्न केला. आई ऐकून म्हणाली, पाणी का तू आणलं? पांडुरंगरावांनी लेकीच्या पुढ्यातलं ताट पाहिलं, ते तसंच होतं, आणि सकाळी तिला बाजाराच्या गाडीवर आपल्याबरोबर लवकर घेऊन गेले.

खबर दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. मारोतीनं बराच वेळ वाट पाहून शेवटी संच सोडला होता. तो आणि गावातले दोघं-तिघं मासेमार ढिवर लाकडी डोंगा वल्हवत शेतात गेले. बाया उंचवट्यावर चढून बसल्या होत्या, त्या सगळ्या मिळाल्या. सोजरबाई नाल्यातून परत यायला निघाली होती. ती वाहून गेली आणि खाली एका बाभळीला अडकली. जिवंत होती. उजवा हात खांद्यापासून मोडला होता आणि अंगभर काटे भरले होते. तिला कागजनगरच्या दवाखान्यात नेलं होतं. पाड्यातली चार-सहा घरं बसली, माणसं वाचली.

चाचांनी हे ऐकून डोळे मिटले आणि अल्लाचा शुक्र मानला. मनकर्णाला सुटल्यासारखं वाटलं नाही.

पाणी ओसरल्यावर वरून चौकशीचा हुकूम आला. मारोतीनं ठाणं सोडलं आणि देवाजीनं निरोप पुढं दिला नाही, असे दोन दोष त्यात आधीच लिहिलेले होते. राजय्या जीपनं निघाले, त्यांनी मनकर्णालाही घेतलं. वाटेत ते एवढंच म्हणाले की तुझ्या मुदतवाढीचा कागद याच महिन्यात यायचा आहे, तेव्हा विचारतील तेवढंच बोल. हे त्यांनी वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. तिला ते कळत होतं, आणि म्हणूनच जास्त भीती वाटत होती.

बेज्जूरच्या ठाण्याबाहेर मारोती उभा होता. तिला पाहून त्यानं हात जोडले. तिनं आईचं विचारलं. आता जेवते डाव्या हातानं, तो म्हणाला. मग खाली पाहत बोलला, "ताई, तुमी लिवलं होतं, संच सोडू नये. म्हून मी बसलो. माय तिकडं खाली होती. मले खिडकीतून पाणी दिसून राह्यलं होतं, अन् मी बसलो."

त्याच्या बोलण्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तो आपली बाजू मांडत होता. नोकरी जाईल म्हणून घाबरलेला माणूस वरिष्ठाला सांगतो तसं, मी नियम पाळला होता, एवढंच तो तिला पटवत होता.

हैदराबादहून आलेले चौकशी साहेब मराठी समजणारे होते. त्यांनी दोघांचे जबाब घेतले. मारोती म्हणाला, मी मुख्य केंद्राला कळवलं. देवाजी म्हणाला, मुख्य केंद्राला कळवलेलं मी ऐकलं. मग दोघांपैकी एक खोटं बोलतोय, असं साहेब म्हणाले, आणि कुणाची नोकरी ठेवायची ते ठरवू, असंही. मनकर्णानं हात वर केला.

"साहेब, दोघंही खरं बोलताहेत. त्यांना फक्त एवढं विचारा, मुख्य म्हणजे कोण."

साहेबांनी विचारलं. मारोतीनं बेज्जूर म्हटलं, देवाजीनं आदिलाबाद. साहेब त्रासून म्हणाले, यात विचारण्यासारखं काय आहे, मुख्य म्हणजे हैदराबादचं आमचं कार्यालय. हे बोलून झाल्यावर ते थांबले. त्यांनी दोघांकडं पाहिलं, मग राजय्यांकडं.

"हा शब्द कुणी घातला?"

"मी," मनकर्णा म्हणाली.

"मी सही केली," राजय्या म्हणाले. तिला वाटलं नव्हतं ते बोलतील.

त्या दिवशी कुणाला काढलं नाही. देवाजीला लेखी ताकीद मिळाली, मारोतीला ती पण नाही. राजय्यांना वर बरंच ऐकून घ्यावं लागलं. मनकर्णाच्या मुदतवाढीबद्दल कुणी काही बोलेना. नवे नियम लिहायचे हुकूम मात्र निघाले, आणि ते काम पुन्हा तिच्याकडंच आलं.

आता तिला शब्दांची धास्ती बसली होती. एखादा शब्द सुचला की तो चांगला कसा आहे हे न पाहता तो कुठं दगा देईल ते ती शोधायची. प्रत्येक ठाण्यावर जाऊन ती नवा नियम वाचून दाखवी आणि ऑपरेटरला म्हणे, यातलं कोण कोण आहे ते बोट करून दाखवा. निरीक्षण केंद्र म्हटल्यावर एकानं राजय्यांच्या जीपकडं बोट केलं, कारण निरीक्षणाला तेच यायचे. दुवा केंद्र ऐकून चाचा हसले, उर्दूत दुवा म्हणजे प्रार्थना. ती रात्रंदिवस हेच करते आहे असं आईला वाटायला लागलं. भाजी विकत घेणाऱ्या बायांनासुद्धा ती विचारी.

हळूहळू तिच्या लक्षात आलं की मोठा कोण आणि छोटा कोण हे सांगणारा शब्द मधल्या ठाण्याला कधीच चिकटणार नाही. ते वरून पाहिलं तर छोटं, खालून पाहिलं तर मोठं. तिनं दर्जा सोडला आणि काम धरलं. काठ हे पाहणारं ठाणं. बेज्जूर हे पोचवणारं ठाणं. आदिलाबाद हे ठरवणारं. तिन्ही भाषांत एकच शब्द हवा, हा हट्टही सोडला. प्रत्येकानं आपल्या बोलीतलं क्रियापद वापरावं, पण हाक मारताना जागेचं नाव घेतल्याशिवाय बोलू नये. आणि आदिलाबादचं 'पोचलं' हे उत्तर बेज्जूरमार्गे काठावर परत येईपर्यंत, 'कळवलं' असं कुणी म्हणू नये.

राजय्यांना हे शब्द घरगुती वाटले. वर पाठवायच्या कागदात पोचवणारं ठाणं कसं लिहायचं, त्यांनी विचारलं. तरी ते त्यांनी मान्य केलं. खरा वाद शेवटच्या कलमावर झाला. पाहणाऱ्याला पाणी खुणेवर दिसलं तर त्यानं आधी शेतातल्या माणसांना हाक द्यावी आणि मग संचावर बोलावं, असं तिनं लिहिलं होतं.

राजय्या म्हणाले, मग ठरवणारं आम्ही कशाला? उद्या कुणीही घाबरून गाव पळवेल. दोनदा खोटी हाक गेली की तिसऱ्यांदा बाया शेतातून उठणार नाहीत. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मनकर्णा दोन दिवस त्यावर अडून राहिली, तिला दुसरा मार्ग दिसेना. मग तिनं कलम फोडलं. शेतातून वर बोलवायचं पाहणाऱ्याच्या हाती. घरदार सोडून गाव हलवायचं ठरवणाऱ्याच्या हाती. राजय्यांनी कागद पुढ्यात ठेवला, पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"अम्मा, यात काही चुकलं तर?"

"चुकेल, साहेब. कुठं चुकेल ते मला अजून दिसत नाही."

त्यांनी सही केली. वरून मसुदा परत आला तेव्हा ठरवणारं ठाणं खोडून तिथं नियंत्रण केंद्र केलं होतं. बाकी तसंच होतं. त्याच टपालात तिच्या एक वर्षाच्या मुदतवाढीचा कागदही होता. तिनं तो घरी नेऊन आईला दिला.

पुढच्या पावसाळ्यात सोजरबाईचा हात बरा झाला होता, पण खांद्याच्या वर जात नव्हता. तरी ती निंदणीला जाते, हे मनकर्णाला देवाजीकडून कळलं होतं. ढग दाटले की मनकर्णाला जेवण जात नसे. श्रावणाच्या शेवटी एके सकाळी संच बोलला. तेव्हा चाचा आणि ती दोघंच खोलीत होती.

"आदिलाबाद, बेज्जूर बोलतो. काठानं पाणी पाह्यलं. खुणेले लागलं. शेतातल्या बायांना हाक दिली म्हणते."

चाचांनी 'पोचलं' म्हटलं आणि राजय्यांना हाक मारली. बेज्जूरनं ते काठाला सांगितलेलं त्यांना ऐकू आलं. मग सगळं गप्प झालं. मनकर्णा संचाजवळ उभी होती. बाया हाकेनं उठल्या का, नाल्यात पाणी आधी शिरलं का, हाक देऊन मारोती संचावर परत आला का, यातलं काही नियमात नव्हतं. आपण काय लिहायचं विसरलो हे ती शोधत राहिली. राजय्या येऊन तिच्या मागं उभे राहिले. पाडा हलवायचा का, त्यांनी विचारलं, आणि वरच्या नद्यांचे आकडे पाहून स्वतःच म्हणाले, अजून नको.

बऱ्याच वेळानं देवाजी पुन्हा आला. बाया वर आल्या, त्यानं सांगितलं. मारोतीनं मोजून घेतल्या. पाणी अजून चढून राह्यलं, पुढची पातळी देतो. मग तो थोडा अडखळला. काठावरच्या ठाण्यात बाया पावसाच्या आडोशाला शिरल्यात, असं म्हणाला.

"सोजरबाई इचारून राह्यली, तिकडं पाऊस हाय का मनून."

असलं बोलणं संचावर चालत नसे. चाचांनी राजय्यांकडं पाहिलं. राजय्या खिडकीबाहेर पाहत होते. मनकर्णानं माइक हातात घेतला.

"बेज्जूर, आदिलाबाद बोलतं. काठाला सांगा, हाय. मावल्यात सकाळपासून हाय."

देवाजीनं ते पुढं सांगितलं. मग ती तिघं पुढच्या पातळीची वाट पाहत बसली.